फळ्यावरचा 'वाद'

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात रविवारच्या मराठी शाळेत मी फळ्यावर 'समाजवाद' लिहिलं आणि अर्थ विचारला. नऊ वर्षांची एक मुलगी चटकन म्हणाली, "समाजात भांडण होतं ते!" घरी आई 'वाद घालू नकोस' म्हणते, तेवढाच 'वाद' तिच्या कानावरचा. तिचं उत्तर चूक म्हणायला माझी जीभ रेटेना.

मराठीत हा एकच शब्द सगळीकडे राबतो. साम्यवाद, स्त्रीवाद, गांधीवाद यांत तो सुसूत्र मांडलेला विचार, वादावादीत भांडण, आणि कोर्टात दावा लावणारा तो वादी. मूळ धातू 'वद्', म्हणजे बोलणे.

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. प्रमाण आणि तर्क धरून, खरं काय ते कळावं म्हणून दोन पक्ष बोलतात तो वाद. निव्वळ जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडत बसायचं, ती वितंडा. जल्प आपण विसरलो. वितंडा मात्र 'वितंडवाद' होऊन घरोघरी राहिली आणि चांगल्या शब्दाला बट्टा लागला, याचं मला फार वाईट वाटतं. समाजवादासारख्या 'वादा'ला आपण 'विचारसरणी'ही म्हणतो, पण तिच्यातली सरणी म्हणजे वाट. तिच्यावरून एकट्यालाही चालता येतं. वादाला समोर कुणीतरी लागतंच.

आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, यावरून टिळकांशी पटेना, तेव्हा ते बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. मुलींच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय वाढवणाऱ्या १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरही दोघे समोरासमोर उभे होते. आगरकरांचा बुद्धिप्रामाण्यवाद, म्हणजे बुद्धीला पटेल तेच खरं मानणं, आज आपण पुस्तकात वाचतो, पण तो असा रोखठोक उत्तरं देता देता घडला. आणि आपल्याकडे फराळाच्या ताटावर कुणी कुणाला 'अमुकवादी' म्हटलं, की बोलणंच थांबतं. शिक्का बसला, विषय संपला!

पुढच्या रविवारी वर्गाचे दोन पक्ष केले: गृहपाठ हवा, गृहपाठ नको. अट एकच, उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. तीच मुलगी 'नको'कडून उठली. 'हवा'वाल्यांचं म्हणणं तिने अडखळत, पण पुरतं सांगितलं, मग एक श्वास घेऊन म्हणाली, "पण माझं म्हणणं वेगळं आहे, कारण..." तास संपला तरी तिची कारणं संपेनात, आणि आईबाबा दारात थांबून ऐकत होते.