मीठ राखणारं शरीर
(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बीपीवर बोलायचं तर मी गोठ्यापासून सुरुवात करतो. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडे म्हशींना वाढं भरपूर मिळतं. पोट भरतं, तरी म्हैस भिंत चाटते, दावणीचं लाकूड चाटते. मग आपण तिच्यापुढे मिठाची वीट ठेवतो. हिरव्या चाऱ्यात पोटॅशियम मुबलक असतं, सोडियम अगदी थोडं. त्यात दुधावाटे सोडियम रोज बाहेर जातं. पाला-गवत खाऊन जगणाऱ्या सस्तन प्राण्यांपुढचा जुना प्रश्न हाच आहे: आलेलं पोटॅशियम बाहेर टाकायचं आणि हाती लागलेलं सोडियम सोडायचं नाही. हे काम करणारं संप्रेरक (हार्मोन) म्हणजे अल्डोस्टेरॉन.

ऑस्ट्रेलियातल्या डोंगराळ भागात पाऊस आणि बर्फाच्या पाण्याने जमिनीतलं सोडियम धुऊन जातं. तिथल्या कांगारूंचा आणि सशांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या लघवीत सोडियम जवळपास नव्हतंच. किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचा, अल्डोस्टेरॉन तयार करणारा बाहेरचा थर मात्र चांगलाच वाढलेला होता.

आता माणसाकडे येऊ. आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्या द्रवात दीड किलोच्या आसपास मीठ असतं. त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात घेतलं जातं. शेवटच्या दोनेक टक्क्यांचा निर्णय अल्डोस्टेरॉनच्या हातात असतो. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण दीड किलोचे दोन टक्के म्हणजे ३० ग्रॅम मीठ! आपण दिवसभरात खातो त्याहून कितीतरी जास्त.

पाटाचं पाणी कमी झालं की पाटकऱ्याला आधी कळतं, तसं किडनीच्या बारीक धमन्यांच्या भिंतीतल्या काही पेशींना दाब उतरल्याचं लगेच कळतं. त्या रक्तात रेनिन सोडतात. यकृताने बनवलेल्या एका प्रथिनाचा तुकडा रेनिन तोडतं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचं दुसरं विकर (एन्झाइम) त्याला आणखी छाटतं, आणि तयार होतं अँजिओटेन्सिन दोन. ते रक्तवाहिन्या आवळतं, तहान लावतं आणि अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. वाहिन्या काही सेकंदांत आवळतात. अल्डोस्टेरॉनला मात्र पेशीच्या जनुकांपर्यंत जाऊन नवी प्रथिनं बनवून घ्यावी लागतात, म्हणून त्याचा परिणाम दिसायला तास-दोन तास लागतात. सोडियम परत आलं की त्याच्यामागे पाणी येतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाब सावरतो.

हे संप्रेरक घामाच्या ग्रंथींवरही काम करतं. उन्हाची सवय नसलेला माणूस फडात उतरला की पहिले काही दिवस त्याचा घाम खूप खारट असतो. आठ-दहा दिवसांत घाम वाढतो, पण त्यातलं मीठ कमी होतं. कोयता चालवणाऱ्या त्या बाईच्या अंगात ही केवढी मोठी बचत चाललेली असते, हे आपण लक्षातच घेत नाही.

ही सगळी व्यवस्था टंचाईसाठी आहे, हे मला आज सांगायचं आहे. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळपास खात नाहीत. त्यांच्या रक्तात रेनिन आणि अल्डोस्टेरॉन भरपूर असतं, तरी १९८८ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत त्यांचा सरासरी रक्तदाब ९६/६१ च्या आसपास निघाला. उलट वाढलेला दाब उतरवणारी व्यवस्था आपल्याकडे त्या मानाने दुबळी आहे. हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की मीठ बाहेर टाकणारं एक संप्रेरक सोडतात. डी बोल्ड या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये उंदरांवर ते दाखवून दिलं. पण लोणचं, पापड, भडंग आणि वर ठेचा असं रोजचं ताट असेल, तर ते किती पुरं पडणार? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि यात भाजीतलं, भाकरीतलं सगळं आलं.

टिगरस्टेट आणि बर्गमन या शास्त्रज्ञांनी सशाच्या किडनीतून रेनिन शोधलं ते १८९८ साली. रेनिनपासून सुरू होणारी ही साखळी अडवणारी गोळी यायला ऐंशीहून अधिक वर्षं गेली. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषातल्या घटकांनी फुप्फुसातलं ते विकर अडतं, हे लक्षात आलं, आणि त्यावरून कॅप्टोप्रिल हे बीपीचं औषध तयार झालं. आज 'प्रिल'ने किंवा 'सार्टन'ने संपणारं नाव तुमच्या गोळीच्या पाकिटावर असेल, तर ती गोळी याच साखळीत हात घालते.

म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. पुष्कळांना ते चांगलंच आहे. पण या गोळ्या अल्डोस्टेरॉन कमी करतात, म्हणजे पोटॅशियम बाहेर टाकणारा हातही आखडतो. किडनी अधू असेल तर रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तेव्हा अशा गोळ्या चालू असतील, तर ते मीठ घरात आणण्याआधी डॉक्टरांना विचारा. जुलाब-उलट्या होत असतील तेव्हाही गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी विचारा.