पुस्तक नको, वाचणारा शोधा

नमस्कार श्रोतेहो. आज मला विषय दिलाय तो असा, की वाचायला नवीन पुस्तकं सापडतात कुठं, आणि तीही वेगवेगळ्या प्रकारची, म्हणजे रहस्यकथा, भुताखेताच्या गोष्टी, विज्ञानकथा, ऐतिहासिक, विनोदी, सगळंच. कारण होतं काय, माणूस एका कप्प्यात बसला की तिथनं उठतच नाही. ऐतिहासिक वाचणारा जन्मभर ऐतिहासिकच वाचतो, पेशवाई संपली की शिवकाल, शिवकाल संपला की परत पेशवाई, आणि मग आपल्या सोलापूरच्या पार्क चौकात भेळ खाताना सांगतो की आता पूर्वीसारखं काही चांगलं येतच नाही. येतं हो, तुमच्या कप्प्यात येत नसेल.

माझं सांगणं एका ओळीचं आहे, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी गॅसवर दूध ठेवलं असेल तर जायला मोकळे. पुस्तक शोधू नका, वाचणारा शोधा. परत सांगते, पुस्तक शोधू नका, वाचणारा शोधा. दुकानात जाऊन "काहीतरी चांगलं द्या" म्हणलं की दुकानदार जे संपत नाही तेच हातात देणार, त्याची काय चूक. त्यापेक्षा एखाद्या पुस्तकानं ज्याची झोप उडवली असा माणूस गाठा आणि त्याला बोलू द्या.

हे मला शिकवलं विड्या वळणाऱ्या बायकांनी. ही गोष्ट मी जाईल तिथं सांगते, आमच्या घरचे तर सुरुवात केली की उठून जातात, पण तुम्ही आज सापडलाय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही पूर्व भागात राहायचो, साखर पेठेच्या अंगाला, आणि आमच्या बोळातल्या निम्म्या घरात तेलुगू बोलायचे. पुरुष कापडाच्या लूमवर आणि बाया विडीवर. मे महिन्यात सोलापूरचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, तर दुपारी सगळ्या आमच्या मागच्या पडवीत येऊन बसायच्या कारण तिथं लिंबाची सावली होती. मला शाळेला सुट्टी. आईनं सांगितलं, नुसती बसतीस तर त्यांना काहीतरी वाचून दाखव.

त्यांची म्होरकी होती ती सगळ्या बोळाची अक्का. अक्काचे हात बघत राहावं असे. नजर समोर, तोंड चालू, आणि खाली मांडीवरच्या सुपात हात आपले आपण फिरतायत, पान उचललं, चिमटीनं तंबाखू भरला, गुंडाळलं, दोरा मारला, नखानं तोंड मुडपलं, की पुढची. मी कधी तिला खाली बघताना पाहिलं नाही.

पहिलं पुस्तक मी आईच्या कपाटातलं घेतलं, सामाजिक कादंबरी, सासू, सून, दारू पिणारा नवरा. चार पानं झाली नाहीत तोवर अक्का म्हणली, "बंद कर गं. ह्याला पुस्तक कशाला पायजे, दारात जाऊन हुबं राहिलं की ऐकू येतंय की." संपलं. साहित्यातलं अख्खं दालन एका वाक्यात बंद.

मग मी कोपऱ्यावरच्या भाड्याच्या लायब्ररीतनं बाबुराव अर्नाळकर आणले. बाबुरावांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्यात, म्हणजे सुट्टी संपेल पण बाबुराव संपणार नाहीत असा हिशोब. त्यांचा नायक झुंजार आला, आणि काय सांगू तुम्हाला, हात पळायला लागले! गोष्ट पळाली की हात पळायचे. प्रकरण संपलं की मी मुद्दाम थांबायचे, मग खुनी कोण यावर भांडणं, पैजा, पैजेला विड्यांचा कट्टा. त्या आठवड्यात सगळ्यांचा माल वेळेआधी तयार.

मग मला हुरूप आला आणि मी आणला नारायण धारपांचा भयकथासंग्रह. भर दुपारी दोन वाजता, डोक्यावर एवढं ऊन, आणि पडवीत चिडीचूप. हात थांबले. सगळ्यांचे थांबले, अक्काचे सुद्धा. बोळातली सगळ्यात म्हातारी अव्वा, तिला निम्मं मराठी कळत नव्हतं तरी ती सरकत सरकत भिंतीला पाठ लावून बसली, म्हणजे मागनं कुणी यायला नको. संध्याकाळी विड्या मोजल्या तर प्रत्येकीच्या कमी. अक्कानं माझ्याकडं असं बघितलं की जणू त्या मीच चोरल्या.

मिरासदारांच्या विनोदी कथेनं वेगळाच घोळ. एक वहिनी हसता हसता मांडीवरचं सूपच पालथं करून बसली, तंबाखू उडाला, सगळी पडवी शिंकायला लागली. बरं, मिरासदार आपल्या जिल्ह्यातले, जन्म अकलूजचा, १९२७ सालचा, आणि अजून आपल्याकडं लोकांना हे सांगावं लागतं! चौकात फ्लेक्स कुणाकुणाचे लागतात ते बघा जरा. असो.

ऐतिहासिक कादंबरीला हात एका लयीत चालायचे, लढाईला जरा जोर, दरबाराला जरा संथ. फक्त शेवटी नायक गेला की रडारड, आणि अक्का ओरडायची, "पानं आधीच वलीत, अजून किती भिजवता!"

तर अक्कानं टाइमटेबल लावलं. कारखान्यात माल द्यायच्या आदल्या दिवशी फक्त रहस्यकथा. माल दिला की दुसऱ्या दिवशी भूत. विनोदी पाहिजे तर सूप खाली ठेवून. एरवी रोजच्याला ऐतिहासिक. मी पुढं बऱ्याच समीक्षकांची भाषणं ऐकली, पण कुठल्या प्रकारचं पुस्तक माणसाचं नेमकं काय करतं हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

राहिली विज्ञानकथा. ती मी घाबरत घाबरत आणली, जयंत नारळीकरांची. वाचता वाचता मध्येच थांबून समजावून सांगितलं की कृष्णविवर असतं, त्याच्या फार जवळ गेलेल्या माणसाची वेळ सावकाश जाते, त्याचा एक दिवस होईस्तोवर लांबच्या माणसांचे कितीतरी दिवस उलटून जातात. मला वाटलं आता म्हणणार बंद कर. अक्का जरा वेळ गप्प वळत बसली. मग म्हणली, "म्हंजे मी तिकडं बसून एक दिवस वळलं की हितं कारखान्यात महिना झाला?" म्हणलं झाला. "मग ब्येस की. काम तिकडच्या दिवसानं आणि पगार हितल्या महिन्यानं." सगळ्या बायका खदखदून हसल्या, आणि पुढं कितीतरी दिवस कुणाला कंटाळा आला की ती म्हणायची, चला गं, विवराला जाऊ.

बघा, हिशोब बरोबर आहे तिचा! तपासून बघा.

आणि मग अक्का मला म्हणली, तू एवढं वाचतीस, आता माझं ऐक. तिला तेलुगू वाचता यायचं. तिची बहीण हैदराबादला, ती येताना तेलुगू साप्ताहिकांचा गठ्ठा आणायची आणि त्यात क्रमशः कादंबऱ्या असायच्या. तिनं मला यंडमूरी वीरेंद्रनाथांची 'तुलसीदलम' सांगितली, तोंडपाठ, मराठी तेलुगू मिसळून, रोज थोडी थोडी, आणि रोज नेमकं नको तिथं थांबायची. हे वीरेंद्रनाथ पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, आणि लिहायचे काय, तर एका लहान पोरीवर केलेली करणी! मी आठवी शिकलेली, भुतावर विश्वास नसलेली मुलगी, रात्री पाणी प्यायला उठेना. हैदराबादची कादंबरी साखर पेठेत माझ्यापर्यंत पोचली ती जाहिरातीनं नाही, यादीनं नाही, अक्काच्या तोंडानं. म्हणून म्हणते, पुस्तक शोधू नका, वाचणारा शोधा.

फार पुढं मला समजलं की तिकडं क्यूबात, हवानामध्ये, सिगारच्या कारखान्यात १८६५ पासून कामगारांना मोठ्यानं वाचून दाखवायला माणूस ठेवत, आणि द्यूमा या फ्रेंच लेखकाची 'काउंट ऑफ माँटेक्रिस्टो' ही कादंबरी त्यांना एवढी आवडायची की एका सिगारचं नावच त्यावरनं माँटेक्रिस्टो पडलं. आमच्या पडवीनं कुठल्या विडीला नाव दिलं नाही, एवढाच फरक.

बरं, वेळ कमी राहिलाय, घड्याळ समोरच आहे, तेव्हा कामाचं भरभर सांगते.

ग्रंथालयशास्त्रात रंगनाथन म्हणून फार मोठे गृहस्थ होऊन गेले, त्यांनी १९३१ मध्ये पाच नियम मांडले. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ही गाठ घालून देणारं कुणीतरी लागतं. वाचनालयात ते असतं काउंटरवर. देवघेव करणाऱ्या त्या माणसाला माहिती असतं कुठलं पुस्तक गेलं की वेळेत परत येत नाही. त्याला एवढंच विचारायचं, सध्या कशाला नंबर लागलेत? कपाटातल्या पुस्तकांची पाठ बघा, जिची शिवण सैल झालीय, पानं हाताळून काळी पडलीत, ते आधी उचला. घरात काचेच्या शोकेसमध्ये पुस्तकांचे कोरे करकरीत संच लावून ठेवणाऱ्यांना काही विचारू नका, त्यांना फक्त किंमत सांगता येते. जुळे सोलापूरच्या नव्या फ्लॅटांत ही शोकेस फार बघितलीत मी. आणि मोबाईलवर दहा मिनिटांत पुस्तकाचा सारांश ऐकणारे वेगळे, त्यांच्याबद्दल मी रेडिओवर बोलणार नाही. शेंगाची चटणी मिक्सरमध्ये फिरवणारे हेच लोक असणार. उखळात कुटल्याशिवाय शेंगाला तेल सुटत नाही, आणि तेल सुटलं नाही तर तिला चटणी म्हणायची कशी, पण ते परत कधीतरी.

कप्पा बदलायचा तर लांब उडी मारू नका, शेजारच्या घरात जा. रहस्यकथा आवडतात? मग विज्ञानकथा जवळ आहे, तिथंही कोडंच असतं, फक्त खुनी माणूस नसून एखादा नियम असतो. नारळीकरांचंच बघा, १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून, कारण मोठ्या नावाचं वजन परीक्षकांवर पडायला नको. पहिला नंबर आला, मग नाव फुटलं. आता ही रहस्यकथा नाही तर काय? ऐतिहासिक-पौराणिक आवडतं, म्हणजे 'स्वामी' झालं, १९६२ चं, 'मृत्युंजय' झालं, १९६७ चं, तर शेजारी चरित्र आहे, प्रवासवर्णन आहे. आणि आपल्याच गावचे त्र्यं. वि. सरदेशमुख कधी हातात घेतलेत का? 'डांगोरा एका नगरीचा', साहित्य अकादमी मिळालेली कादंबरी. अक्काच्या टाइमटेबलात बसणारी नाही, माल देऊन झाल्यावर निवांत वाचायची.

हलकं वाचताय म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. चंद्रकांत काकोडकरांच्या एका कथेवर अश्लीलतेचा खटला भरला होता, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये काकोडकर सुटले. तेव्हा सुप्रीम कोर्टाची हरकत नाही, शेजारच्या काकांची का असावी.

पन्नास पानं द्या प्रत्येक पुस्तकाला. पन्नास पानात हात चालले नाहीत तर परत करा, पाप लागत नाही.

आणि शेवटचं, सगळ्यात स्वस्त. सगळे प्रकार थोडे थोडे चाखायचे असतील तर जुने दिवाळी अंक घ्या. दिवाळी अंकाची ही चाल आपल्याकडं १९०९ पासूनची, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासून. भीती आणि रहस्य पाहिजे तर 'धनंजय', हसायचं तर 'आवाज', त्यातली ती खिडकीची चित्रं उघडायची मोठ्यांनी पण, लाजू नका. एका अंकात दहा-बारा लेखक भेटतात, ज्याची गोष्ट आवडली त्याचं नाव मागच्या पानावर लिहून ठेवायचं आणि वाचनालयात जाऊन त्याचं पुस्तक मागायचं. रद्दीवाल्याकडं असे अंक किलोवर मिळतात, त्याला फक्त सांगून ठेवा की गठ्ठा फोडू नको, मी येते. शब्दकोडं आधीच सोडवलेलं असेल तर भाव कमी करून मागा. आणि त्यातलं वार्षिक राशिभविष्य वाचायला विसरू नका, वीस वर्षांपूर्वीचं असलं तर फारच छान, कारण माझ्या राशीला त्या वर्षी परदेशगमन लिहिलं होतं आणि मी होटगी रोडच्या पुढं गेले नव्हते. नमस्कार.