वैशाखातली फांदी आणि लाकडी पळी

मित्रहो, आजच्या व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेत ‘ओले लाकूड आपल्या हवेत कसे वाळवावे’ असा विषय छापलेला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. मात्र वाळवण्याच्या आधी लाकूड मिळवण्याचा आणि निवडण्याचा प्रश्न येतो. पळी, चाटू किंवा साधा चमचा हाताने कोरणाऱ्याचे निम्मे काम तेथेच होऊन जाते, असे माझे ठाम मत असल्यामुळे सुरुवात तेथूनच करतो.

लाकूड आधी पुरते वाळवावे आणि मगच त्याला हत्यार लावावे, ही शिकवण आपल्या मनात पक्की बसलेली आहे. दाराच्या चौकटीसाठी आणि पलंगासाठी ती शंभर टक्के खरी आहे. चमच्यासाठी मात्र ताजे, ओले लाकूडच हवे. एक तर ओल्या लाकडात वाकस, म्हणजे लाकूड तासायचे हत्यार, आणि चाकू सहज चालतात. कडक वाळलेल्या पेरूच्या लाकडात वाटी खोदून पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, चमचा मुळातच पातळ असल्यामुळे त्यातले पाणी सर्व बाजूंनी जवळजवळ सारख्या वेगाने बाहेर पडते आणि तो सहसा तडकत नाही, तर तेच लाकूड अखंड ओंडक्याच्या रूपात वाळू दिले की त्याला भेगा पडल्याशिवाय राहत नाहीत.

या भेगांचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतले पाणी आधी निघून जाते आणि तोपर्यंत लाकूड आकसत नाही. पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरले की भिंती सुकू लागतात आणि आकसणे सुरू होते. लांबीच्या दिशेने हे आकसणे नगण्य असते; मध्यापासून सालीकडे ते काहीसे जाणवते आणि वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने त्याच्या जवळजवळ दुप्पट होते. परीघ अधिक आकसू पाहतो, त्रिज्या तेवढी आकसत नाही, आणि हा ताण सहन न होऊन ओंडका मध्यापासून बाहेर चिरत जातो. म्हणून फांदी हाती आली की पहिले काम म्हणजे ती मध्यातून उभी फोडून दोन फाका करणे आणि ऐन मध्यावरचा मऊ गाभा तासून काढणे. अखंड गोल फांदी उद्यावर टाकू नये.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो. चमच्याला सरळ फांदी चालते, पण उत्तम चमचा वाकड्या फांदीतून निघतो. वाटी आणि दांडा जेथे जुळतात त्या मानेवर सगळा जोर येतो. सरळ फळीतून बाकदार मान कापली तर लाकडाचे धागे तेथे आडवे तुटतात आणि घट्ट पिठले घोटताना चमचा नेमका तेथेच मोडतो. जात्याच बाक असलेल्या फांदीत हेच धागे दांड्यातून मानेत आणि मानेतून वाटीत अखंड वळत जातात. आपल्या गावच्या सुतारांना हे उत्तम ठाऊक होते. नांगराला लागणारा बाक ज्या बाभळीत मुळातच असेल, ती बाभूळ बलुतेदार सुतार शिवारात हिंडताना हेरून ठेवीत असे. कोकणातल्या होड्यांच्या वाकड्या फासळ्याही अशाच निसर्गतः वळलेल्या लाकडातून काढल्या जात. हे ज्ञान कोठल्याही परदेशातून आणण्याची गरज नाही, ते आपल्याकडे होते आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही आहे.

असे असताना आपण त्या लाकडाचे काय करतो? दर वैशाखात, पावसाळ्यापूर्वी, शहरोशहरी फांद्यांची छाटणी होते. या छाटणीवरून ज्यांच्या सोसायटीत भांडण झालेले नाही त्यांनी कृपया हात वर करावा. एकही हात दिसत नाही, म्हणजे आपण सगळे एकाच गावचे आहोत. आमच्या गल्लीत एका बंगल्याच्या आवारातला जुना पेरू रस्त्यावर झुकला होता म्हणून छाटण्यात आला. मनगटाएवढ्या जाड, सुरेख बाक असलेल्या त्याच्या फांद्या ट्रकमध्ये नीट बसाव्यात म्हणून यांत्रिक करवतीने बरोबर बाकावरच कापल्या जात होत्या. मालकांची संमती घेऊन मी चार फांद्या मागितल्या, तर हा कचरा आहे आणि त्याची विल्हेवाट ठरलेल्या जागीच होईल, असे उत्तर मिळाले. एवढे चांगले लाकूड डोळ्यांदेखत चुऱ्यासाठी गेले, याचे मला आजही वाईट वाटते. संबंधितांना माझी कळकळीची विनंती आहे की, छाटणीच्या दिवशी दोन हात लांबीच्या फांद्या तासभर बाजूला ठेवाव्यात आणि ज्यांना हव्या असतील त्यांना नेऊ द्याव्यात.

त्याच पेरूची एक फांदी पुढे मालकांनी स्वतः काढून दिली. सालीचा तपकिरी पापुद्रा नखाने निघत होता आणि खाली हिरवट, गुळगुळीत थर होता. कुऱ्हाडीचे पाते मध्यावर टेकवून मागून मोगरीचे, म्हणजे लाकडी हातोड्याचे, तीन-चार ठोके दिले, तशी चीर बाकाबरोबर वळत शेवटपर्यंत गेली, आणि उघडलेल्या फिकट गुलाबीसर पृष्ठभागावर धाग्यांचे वळण स्पष्ट दिसले. चमच्याचा आकार त्या वळणावरच आखायचा असतो. आडव्या वाढलेल्या फांदीच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी बाळगावी. रुंद पानांच्या झाडांत अशा फांदीच्या वरच्या अंगाला ताण पेलणारे लाकूड तयार होते. ते कापताना लोकरीसारखे पिंजते आणि वाळताना वेडेवाकडे होते. गाभा मध्यावर नसून खालच्या अंगाला सरकलेला दिसला, तर ती फांदी तशी आहे असे समजावे.

झाडांविषयी थोडक्यात सांगतो. पेरू, संत्रे, लिंबू ही फळझाडे उत्तम. शिवण हलकी, कोरायला सोपी आणि आकार टिकवणारी. आंबा चालतो, पण त्याचा चीक अंगावर उततो. कण्हेर, बिब्बा, थोर आणि उंदीरमारी यांना स्वयंपाकघरात अजिबात थारा देऊ नये. चमच्यासाठी म्हणून जिवंत झाड तर कधीच तोडू नये. शहरी भागात १९७५च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार त्यासाठी पूर्वपरवानगी लागते, आणि कायदा नसता तरी ते करू नये.

अध्यक्षांची चिठ्ठी आलेली आहे, त्यामुळे जाहीर केलेला विषय आता झपाट्याने मांडतो. या कलेवरचे बहुतेक लेखन स्वीडन आणि ब्रिटनमधून येते. तेथे बर्च, म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाचा युरोपीय भाऊबंद, हिवाळ्यात तोडून थंड सावलीत कित्येक आठवडे ठेवता येतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतील आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते, आणि तेथे हाच सल्ला पाळला तर फांदीची टोके संध्याकाळपर्यंत तडकतात. टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने निघते. म्हणून फांदी आल्याबरोबर टोकांना मेण किंवा जुना रंग फासावा, दोन्हीकडे दोन-दोन इंच जास्तीचे ठेवावेत, आणि लगेच काम होणार नसेल तर फाका पाण्यात बुडवून ठेवून पाणी बदलत राहावे. कोकणात बांबू वाहत्या पाण्यात मुरवतात, त्याचा आणखी एक लाभ येथेही होतो: लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला हवे असलेले पिष्ट आणि साखर कमी होते.

चमचा ओला असतानाच वाटी साधारण १ सेंटिमीटर जाडीपर्यंत आणावी, आणि मग तो त्याच्याच ढलप्यांसह कागदी पिशवीत घालून पिशवीचे तोंड दुमडावे. उन्हाळ्यात पिशवी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी. पावसाळ्यात उलट करावे, कारण आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की बुरशीची भीती भेगांहून मोठी असते. ढलप्या काढून टाकाव्यात आणि चमचा वाऱ्यावर ठेवावा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करून वहीत मांडावे; ते सलग तीन-चार दिवस उतरेनासे झाले की धार लावलेल्या चाकूने अखेरचा हात फिरवावा. नंतर कच्चे जवसाचे तेल लावावे, कारण ते हवेत हळूहळू घट्ट होते. शेंगदाण्याचे तेल तसेच राहते आणि खवट होते. दुकानात रंगकामासाठी मिळणाऱ्या उकळलेल्या तेलात सुकवणारी धातूची संयुगे असतात, ते जेवणाच्या वस्तूला लावू नये.

गाठी असलेल्या लाकडाविषयी बोलायचे राहिले आहे. पेरूच्या आणि शिवणीच्या फोडलेल्या फाका समोर टेबलावर मांडल्या आहेत. ज्यांना त्या हाताळून पाहायच्या असतील त्यांनी पुढे यावे, गाठींविषयी तेथेच बोलू.