मिस हॅमिल्टन

श्रोतेहो, नमस्कार.

जून १९६३. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं गॅड्सडेन हे शहर. तिथल्या न्यायालयात मेरी हॅमिल्टन साक्ष द्यायला बसल्या होत्या. वय अठ्ठावीसच्या आसपास, वर्णाने कृष्णवर्णीय, नागरी हक्कांच्या चळवळीतल्या ‘कोअर’ या संघटनेच्या कार्यकर्त्या. सरकारी वकिलांनी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, ‘मिस मेरी हॅमिल्टन.’ पुढचा प्रश्न आला तो ‘मेरी’ अशी हाक मारून: तुला अटक कोणी केली?

त्या म्हणाल्या, माझं नाव मिस हॅमिल्टन आहे, मला नीट संबोधा. वकिलांनी पुन्हा ‘मेरी’च म्हटलं. नीट संबोधल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं त्यांनी सांगितलं. न्यायाधीशांनी हुकूम केला, उत्तर द्या. त्यांनी पुन्हा नकार दिला. त्यांचे वकील मध्ये बोलू पाहत होते, तेवढ्यात निकाल झालासुद्धा: न्यायालयाचा अवमान, पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड.

आपण मराठी बोलणारी माणसं. अनोळखी प्रौढ बाईला चारचौघांत ‘अगं’ म्हणणं आणि ‘अहो’ म्हणणं यांत किती अंतर आहे, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. इंग्रजीत क्रियापदात हा भेद नाही, म्हणून तो नावाच्या आधीच्या शब्दात येतो. दक्षिणेतल्या त्या राज्यांत गोऱ्या साक्षीदाराला ‘मिस्टर’, ‘मिसेस’, ‘मिस’ म्हणत. कृष्णवर्णीय माणूस कितीही वयाचा, कितीही शिकलेला असो, त्याला नुसत्या पहिल्या नावाने हाक मारत. गुलामगिरी कायद्याने संपून जवळजवळ शंभर वर्षं झाली होती, तरी कोर्टातली ही हाक बदललेली नव्हती.

आता प्रश्न न्यायाधीशांच्या अधिकाराचा. डोळ्यांसमोर घडलेल्या अवमानाबद्दल न्यायाधीश तिथल्या तिथे शिक्षा देऊ शकतो. आरोपपत्र नाही, वेगळी सुनावणी नाही. एकच माणूस तक्रारदार, तोच साक्षीदार आणि तोच निवाडा करणारा. इतर कुठे ही गोष्ट कुणी चालवून घेतली नसती. न्यायालयात ती चालवून घेतली, कारण गोंधळात खटला चालू शकत नाही. पण म्हणजे हा अधिकार खटल्यासाठी आहे, न्यायाधीशाच्या मर्जीसाठी नाही. गॅड्सडेनच्या न्यायालयात गोंधळ नव्हता. एक बाई शांतपणे स्वतःचं पूर्ण नाव मागत होती. वकिलांना ‘मिस हॅमिल्टन म्हणा’ एवढं सांगितलं असतं तर साक्ष पुढच्या क्षणी सुरू झाली असती. न्यायाधीशांनी आपला सगळा अधिकार उलट बाजूला वापरला.

अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. साक्षीदाराचं नाव मेरी हॅमिल्टन आहे, मिस मेरी हॅमिल्टन नव्हे, असं त्या निकालात म्हटलं होतं. मला हे वाक्य त्या पन्नास डॉलरच्या दंडापेक्षा जास्त लागतं.

प्रकरण वॉशिंग्टनला गेलं. ३० मार्च १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवादही न ऐकता शिक्षा रद्द केली. आधार दिला तो वर्षभरापूर्वीच्या जॉन्सन खटल्याचा. रिचमंडच्या वाहतूक न्यायालयात फोर्ड जॉन्सन हे कृष्णवर्णीय गृहस्थ गोऱ्यांसाठी राखलेल्या बाकांवर बसले होते. न्यायाधीशांनी उठून दुसरीकडे बसायला सांगितलं. ते नाही म्हणाले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. अवमान, दहा डॉलर दंड. राज्याने न्यायालयाच्या दालनातच वंशभेद करणं राज्यघटनेत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितलं होतं. बाकाला जो नियम, तोच आता हाकेलाही लागला. पण हेही लक्षात ठेवायला हवं की हॅमिल्टन यांच्या वेळी नऊपैकी तीन न्यायमूर्तींना हे प्रकरण हाती घेण्याजोगंच वाटलं नव्हतं.

त्यानंतर पाचच वर्षांनी शिकागोत जे घडलं ते आजही वाचवत नाही. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांवरून तिथे एक खटला चालू होता. त्यातल्या आठ आरोपींपैकी एकटे बॉबी सील, ‘ब्लॅक पँथर’ या संघटनेचे नेते, कृष्णवर्णीय. त्यांचे वकील आजारी होते, म्हणून त्यांनी तारीख मागितली, मिळाली नाही. मग स्वतःची बाजू स्वतः मांडू द्या, म्हणाले, तेही नाकारलं. ते बोलत राहिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी न्यायाधीश ज्युलियस हॉफमन यांच्या हुकमाने त्यांना खुर्चीला बांधलं आणि तोंडात बोळा कोंबला, ज्युरीच्या देखत. काही दिवसांनी त्यांचा खटला वेगळा काढला आणि अवमानाच्या सोळा आरोपांवर प्रत्येकी तीन महिने, अशी एकूण चार वर्षांची कैद ठोठावली. अवमानाची शिक्षा सहा महिन्यांच्या वर गेली की आरोपीला ज्युरीपुढे खटला मागता येतो. वरच्या न्यायालयाने १९७२ साली सगळे तुकडे एकत्र मोजले आणि शिक्षा उलटवली.

दरम्यान १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात सांगितलं होतं की दंगा करणाऱ्या आरोपीला ताकीद देऊन बाहेर काढता येईल, अवमानाची कारवाई करता येईल. बांधणं आणि तोंड बंद करणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि तो न्यायालयाच्याच प्रतिष्ठेला बाधक. हा मार्ग पूर्ण बंद करायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

अजून एक प्रसंग, आणि हा मला जास्त विचारात पाडतो. २००८ साली अटलांटात मार्विन अॅरिंग्टन या कृष्णवर्णीय न्यायाधीशांनी गोऱ्या वकिलांना दालनाबाहेर जायला सांगितलं. समोर रोज उभ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांशी त्यांना वडिलकीच्या नात्याने चार शब्द बोलायचे होते. एमरी विद्यापीठाच्या कायदा शाखेतल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ते एक. त्यांची कळकळ खरी होती, यात मला शंका नाही. तरीही बाहेर कोण जाईल हे वर्ण पाहून ठरवण्याचा अधिकार त्या खुर्चीला नव्हता, आणि ही चूक झाली, सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे मान्य केलं.

गॅड्सडेनच्या त्या न्यायाधीशांनी तसं काही म्हटल्याची नोंद मला कुठे सापडलेली नाही. मिस हॅमिल्टन यांनी मात्र दंड भरायला नकार देऊन तुरुंगवास पत्करला होता.