अधांतरी चुंबक

श्रोतेहो, नमस्कार.

दोन चुंबकांचे सजातीय ध्रुव समोरासमोर आणले की ते एकमेकांना दूर ढकलतात, हे आपण शाळेपासून जाणतो; आणि म्हणून असे वाटणे साहजिकच आहे की खाली पुरेसे चुंबक नीट रचले, तर वरचा चुंबक कशाचाही आधार न घेता हवेत स्थिर राहील. प्रत्यक्षात तो एक तर उलटा होऊन खालच्याला चिकटतो, नाही तर बाजूला सटकतो, आणि यात रचना करणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो.

सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज धर्मोपदेशकाने 1842 साली छापून आलेल्या आपल्या निबंधात याचे कारण दिले. निबंधाचा विषय चुंबकांचा नव्हता, प्रकाश वाहून नेणाऱ्या तत्कालीन कल्पनेतील ईथरच्या कणांचा होता. पण निष्कर्ष व्यापक निघाला. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलणारी स्थिर बले एखाद्या कणाला रिकाम्या जागेत स्थिर समतोलात धरू शकत नाहीत, कारण त्या जागेपासून एका दिशेने ऊर्जा वाढत असेल, तर दुसऱ्या एखाद्या दिशेने ती घटलीच पाहिजे. खोगिराच्या मध्यावर ठेवलेली गोटी पुढेमागे जाणार नाही, पण डावीउजवीकडे घरंगळेलच. चुंबकांची संख्या वाढवून खोगिराचा आकार बदलतो. त्याची वाटी कधीच होत नाही.

पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी मुलांसाठी जी तरंगती पेन्सिल लोकप्रिय केली, तिच्यात ही गोष्ट उघड दिसते. कडीच्या आकाराच्या चुंबकांवर पेन्सिल आडवी तरंगते खरी, पण तिचे टोक एका पट्टीला टेकलेले असते, आणि ती पट्टी काढली की सारा डोलारा कोसळतो. जुन्या वीजमीटरच्या अनेक नमुन्यांत ॲल्युमिनियमच्या चकतीचे वजन चुंबक पेलत असत, मात्र तिला जागेवर ठेवण्यासाठी वरखाली बारीक पिना लागत.

याहून नवलाचा आहे तो हवेत फिरणारा चुंबकीय भोवरा, ज्याचे अमेरिकी पेटंट रॉय हॅरिगन यांना 1983 साली मिळाले. गिरकीमुळे भोवरा उलटा होत नाही, एवढेच स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते, आणि ते अपुरे आहे. कारण त्याचा अक्ष ताठ उभाच राहिला असता, तर तो न उलटताही बाजूला सटकला असता. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी 1996 साली दाखवले की भोवऱ्याचा अक्ष प्रत्येक ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेशी जुळवून घेत घुमत राहतो, त्यामुळे त्याची ऊर्जा क्षेत्राच्या केवळ तीव्रतेवर अवलंबून राहते, आणि तीव्रतेला असा खळगा असू शकतो जो अर्नशॉच्या नियमात बसत नाही. हा खळगा अगदी उथळ असल्यामुळे भोवऱ्याचे वजन बारीक चकत्या घालून जुळवावे लागते, आणि चुंबक थोडे तापून क्षीण झाले तरी ते पुन्हा जुळवावे लागते. गिरकीचा वेग फार असला तर अक्ष क्षेत्राच्या दिशेमागोमाग वळत नाही. उलट हवेच्या विरोधाने हा वेग सेकंदाला सुमारे 20 फेऱ्यांखाली उतरला, की भोवरा खाली पडतो.

शांघायच्या मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकबलाने रुळाला न टेकता धावणाऱ्या, गाडीला तर स्थायी चुंबकांचा भरवसाच नाही: तिथे विद्युतचुंबकांतील प्रवाह क्षणोक्षणी कमीजास्त करून सुमारे 10 मिलिमीटरची फट राखली जाते.

फिरणे नाही, टेकू नाही आणि वीजही नाही, असे स्थिर तरंगणे केवळ चुंबकांवर हवे असेल तर वरचा पदार्थ चुंबक असून चालत नाही. ग्रॅफाइट किंवा बिस्मथ यांसारखे प्रतिचुंबकीय पदार्थ क्षेत्र जिथे क्षीण असेल तिकडे सरकतात, आणि क्षेत्राची तीव्रता एखाद्या बिंदूपाशी सर्वांत कमी असण्याला कोणताही गणिती अडसर नाही. नेदरलँड्समधील नाइमेखेन येथे 1997 साली भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी सुमारे 16 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगवला, तो याच आधारावर. बेडकासाठी एवढा अवाढव्य विद्युतचुंबक लागला. पण विशेष प्रकारच्या ग्रॅफाइटची पातळ चकती निओडिमियमच्या चार छोट्या चुंबकांवर, उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने मांडले असता, टेबलावरही तरंगते. चकती आणि चुंबक यांतली फट मात्र जेमतेम एखाद्या मिलिमीटरची असते.