टप्प्यावरची हुकूमत

जेम्स नेस्मिथ याने 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचे 13 नियम लिहिले, तेव्हा चेंडू घेऊन धावण्यास त्याने स्पष्ट मनाई केली होती. ज्या जागी चेंडू झेलला, तेथूनच तो फेकायचा, असा नियम होता. टप्पे देत पुढे जाण्याचा त्या नियमांत उल्लेखही नव्हता. चारी बाजूंनी कोंडी झाली की चेंडू मुद्दाम जमिनीवर टाकायचा आणि आपणच तो पुन्हा गाठायचा, ही वाट खेळाडूंनी स्वतःच शोधून काढली. ड्रिबलचा, म्हणजे टप्पे देत चेंडू पुढे नेण्याचा, जन्म असा अडचणीतून झाला, आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत ज्यांनी ही कला वाढवली, त्यांतील बहुतेकांना ती अडचणीच्या क्षणीच सर्वाधिक उपयोगी पडली.

एनबीए या अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक लीगचा चेंडू सुमारे 75 सेंटिमीटर परिघाचा आणि 620 ग्रॅम वजनाचा असतो. तो तळहाताने थोपटला जात नाही. बोटांची पेरे त्याला खाली ढकलतात आणि वर येताना पुन्हा अलगद स्वीकारतात. टप्पा जितका बुटका, तितका चेंडू हाताबाहेर कमी वेळ राहतो. या सगळ्या वेळात खेळाडूची नजर मात्र समोरच्या माणसावर असावी लागते, चेंडूवर नव्हे.

या कलेतील श्रेष्ठांची यादी करताना पुष्कळदा फक्त एनबीएकडे पाहिले जाते आणि त्यामुळे मार्कस हेन्स मागे राहतो. आमच्या मते पहिले नाव त्याचेच असायला हवे. ओक्लाहोमातील सँड स्प्रिंग्स या गावचा हेन्स 1940च्या दशकात हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या व्यावसायिक संघात दाखल झाला. त्या वेळी एनबीएची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी बंद होती. ती 1950 मध्ये उघडली. त्याआधीच, 1948 आणि 1949 मध्ये, ग्लोबट्रॉटर्सनी शिकागोत जॉर्ज मायकनच्या बलाढ्य मिनिॲपोलिस लेकर्सना हरवून दाखवले होते. हेन्स गुडघ्यावर बसून, प्रसंगी जमिनीवर आडवा होऊनही, चेंडू फरशीपासून वीतभर उंचीवर नाचवत ठेवी, आणि दोन-तीन बचावपटू भोवती धावत असतानाही तो त्यांच्या हाती लागत नसे. प्रेक्षकांना त्यात करमणूक दिसे, परंतु त्यामागे पक्का हिशेब होता. ठरावीक वेळात चेंडू बास्केटकडे फेकलाच पाहिजे, असे बंधन तेव्हा नव्हते. त्यामुळे ज्याच्याकडून चेंडू हिसकावता येत नाही असा एक खेळाडू संघात असला, तर घेतलेली आघाडी शेवटपर्यंत राखता येत असे. पुढे एनबीएतून विचारणा झाली तेव्हा हेन्सने ती नाकारली. 1998 मध्ये त्याला हॉल ऑफ फेम या बास्केटबॉलमधील श्रेष्ठांच्या सन्मानयादीत स्थान मिळाले.

एनबीएमध्ये हीच विद्या बॉब कूझी याने रुजवली. लहानपणी उजवा हात मोडल्यामुळे तो डाव्या हाताने खेळायला शिकला आणि त्यातूनच त्याचे दोन्ही हात सारखेच तयार झाले. 1950 मध्ये शिकागो स्टॅग्स हा संघ बंद पडला, तेव्हा त्याच्या तीन खेळाडूंची नावे टोपीत टाकून चिठ्ठ्या काढण्यात आल्या आणि कूझी बोस्टन सेल्टिक्सच्या वाट्याला आला, तोही प्रशिक्षक रेड ऑअरबाख यांना फारशी उत्सुकता नसताना. 1954 मध्ये 24 सेकंदांत चेंडू बास्केटकडे फेकण्याचे बंधन आले आणि चेंडू नुसता राखून भागेनासे झाले. आता तो वेगाने पुढे न्यायचा होता आणि बचावाला हलवायचे होते. कूझीने पाठीमागून टप्पा देत वळणे आणि न पाहता पास देणे हे रोजच्या खेळाचा भाग केले. सलग आठ हंगाम सर्वाधिक असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, त्याच्या नावावर होते, आणि सेल्टिक्सच्या सहा विजेतेपदांत त्याचा वाटा होता.

पीट मॅराविचची कहाणी याहून तीव्र आहे. प्रशिक्षक असलेले वडील प्रेस मॅराविच यांनी त्याच्यासाठी असंख्य व्यायाम रचले होते. वडील मोटार चालवत असताना खिडकीतून हात बाहेर काढून रस्त्यावर टप्पे देत राहणे, हा त्यांपैकी एक. लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून तीन हंगामांत त्याने सामन्यामागे 44.2 गुणांची सरासरी राखली, तीही लांबून केलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा अस्तित्वात नसताना. फेब्रुवारी 1977 मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझकडून खेळताना त्याने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध 68 गुण केले. जानेवारी 1988 मध्ये, वयाच्या अवघ्या 40व्या वर्षी, पॅसाडीना येथे मित्रमंडळींत खेळताना तो कोसळला. त्याच्या हृदयाला डावी मुख्य रक्तवाहिनी जन्मतःच नव्हती, हे शवविच्छेदनात कळले. असे हृदय घेऊन हा माणूस दहा हंगाम एनबीएत धावला, हे वाचताना आजही मन हेलावते.

त्यानंतर डेट्रॉइटच्या आयझेया थॉमसने दाटीत शिरण्याचे धैर्य दाखवले, आणि टिम हार्डवेने क्रॉसओव्हरला खरी धार दिली. कबड्डीत चढाई करणारा एका कोपऱ्याला हुलकावणी देऊन दुसरीकडे झेपावतो, त्याच तत्त्वावर क्रॉसओव्हर उभा आहे: बचावपटूचे वजन एका पायावर गेले की चेंडू झटकन दुसऱ्या हातात यायला हवा.

12 मार्च 1997 रोजी फिलाडेल्फियात ॲलन आयव्हर्सनने हे मायकेल जॉर्डनसमोर करून दाखवले. आयव्हर्सनचा तो पहिलाच हंगाम होता. त्याने आधी एक छोटा क्रॉसओव्हर केला. जॉर्डन किती हलतो, याची ती चाचपणी होती. जॉर्डन हलला. मग आयव्हर्सनने चेंडू आणखी लांब नेऊन परत खेचला, आणि जॉर्डन सावरून हात उंचावेपर्यंत चेंडू बास्केटच्या दिशेने निघालेला होता. सामना जॉर्डनच्या शिकागोने जिंकला, तरी लोकांच्या स्मरणात राहिली ती हीच चाल. जॉर्जटाउन विद्यापीठात डीन बेरी नावाच्या, फारशी संधी न मिळालेल्या सहखेळाडूकडून आपण ती शिकलो, हे आयव्हर्सनने मोकळेपणाने सांगितले आहे. ही विद्या अशी हातोहात पुढे जाते. गॉड शॅमगॉड हा तर एनबीएत जेमतेम 20 सामने खेळला, परंतु एका हाताने चेंडू पुढे टाकून दुसऱ्या हाताने तो ओढून घेण्याची चाल जगभर त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आजच्या पिढीत ही सारी परंपरा कायरी आयर्विंगच्या हातांत एकवटलेली दिसते. 2016च्या सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत त्याचा क्लीव्हलँड संघ गोल्डन स्टेटविरुद्ध 1–3 असा मागे पडला होता. सातव्या सामन्यात 89–89 अशी बरोबरी असताना, एक मिनिटाहून कमी वेळ उरलेला असताना, आयर्विंगसमोर गोल्डन स्टेटचा स्टीफन करी उभा होता. आयर्विंगने घाई केली नाही. टप्पे देत त्याने करीला मागे रेटले, क्षणभर आत शिरण्याचा आभास निर्माण केला, आणि करीचा भार मागे जाताच स्वतः बाजूला सरकून तीन गुणांचा फटका मारला. 92–89. सामना 93–89 असा संपला, आणि क्लीव्हलँडने एनबीएतील आपले पहिले विजेतेपद मिळवले.