पळसगावचा यशवंत

हा जुलैचा पाऊस, माणगाव तालुक्यातला. दिवसचे दिवस उघडीप नाही. खाचरं तुडुंब भरलीत, चिखलणी झालीय, राबातलं रोप उपटून त्याच्या जुड्या बांधावर टाकल्यात. बायामाणसं ओणवी होऊन लावणी करतायत. डोक्यावर पूर्वी इरली असायची, आता प्लास्टिकचे कागद आले. बाकी कामाची रीत तीच.

१० जुलै १९४४ रोजी पळसगावात याहून वेगळं काही चाललेलं नसणार. त्याच दिवशी या गावचा यशवंत घाडगे इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होता. वय होतं बावीस.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता, रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. ही शेतं बघा. डोंगराच्या पोटाशी चिंचोळी खाचरं, वर वरकस जमीन, तिथे नाचणी-वरी. भात एकदाच पिकायचं आणि कापणी-झोडणी आटोपली की घरातल्या तरण्या पोरांना काम उरायचं नाही. मग कुणी मुंबईची गिरणी धरायचा, कुणी पलटण. माणगाव, महाड, पोलादपूर या पट्ट्यात पलटणीत जाणं ही पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट. इंग्रजांच्या भरतीच्या कागदांत कोकणी मराठा हा वेगळा वर्गच होता. डोंगर चढता-उतरता वाढलेली, कमी खाऊन जास्त चालणारी ही मुलं लाइट इन्फंट्रीला, म्हणजे चपळ पायदळाला, हवीच असायची.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून आहे. गावाकडचा पोरगा इथे यायचा आणि शिपाई होऊन बाहेर पडायचा. याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमध्ये यशवंतराव नाईक झाले. नाईक म्हणजे एका सेक्शनचा प्रमुख, हाताखाली दहाएक माणसं. त्यांची नावं, त्यांच्या खोडी, कुणाचा नेम चांगला आणि कुणाला घरची आठवण फार येते, हे सगळं नाईकाला ठाऊक असावं लागतं. सैन्यात माणसांच्या सगळ्यात जवळ राहणारा अधिकार हाच.

आता इटली. ४ जून १९४४ ला रोम दोस्त सैन्याच्या हाती पडलं आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे सरकू लागलं. ते पळत नव्हतं. एकेक टेकडी धरायची, मशीनगन लावायच्या, समोरच्याचं रक्त सांडून घ्यायचं आणि मगच पुढच्या टेकडीवर जायचं, अशी ती माघार होती. टायबरच्या खोऱ्यातून दहावी भारतीय डिव्हिजन वर सरकत होती. तिच्यात तिसरी मराठा होती.

१० जुलैला कंपनीनं एका पक्क्या मोर्च्यावर, शत्रूच्या मजबूत ठाण्यावर, हल्ला चढवला. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. यशवंतरावांच्या सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. उभा राहिला एकटा नाईक. तो थांबला नाही. सरळ मशीनगनवर धावला. आधी हातगोळा टाकला, त्यानं मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद झाले. मग टॉमीगननं, हातातल्या छोट्या मशीनगननं, आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या. नवं मॅगझिन चढवायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढेही हाताशी नव्हते. टॉमीगन सुमारे पाच किलोची. तिची नळी दोन्ही हातांत धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं झोडून मारलं. मोर्चा हाती आला. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत घुसल्या. एकट्यानं जिंकलेल्या त्याच मोर्च्यात यशवंतराव गेले.

'ते युद्ध इंग्रजांचं होतं' असं म्हणून आपण हा विषय मिटवून टाकतो. मला ते पटत नाही. राजा कुणाचा, झेंडा कुणाचा, यावर खुशाल वाद घाला. पण आपली माणसं डोळ्यांदेखत पडलेली असताना हा बावीस वर्षांचा मुलगा एकटा पुढे गेला, आणि तो आपला होता.

३ मार्च १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय वेव्हेल यांनी त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान, त्यांच्या पत्नीच्या हाती दिला. दुसऱ्या महायुद्धात मराठा रेजिमेंटला असे दोन क्रॉस मिळाले, दोन्ही इटलीत. दुसरे मानकरी संगमनेरकडच्या निमजचे नामदेव जाधव.

हे कॅसिनो गाव, रोमच्या दक्षिणेला. वर डोंगरावर मठ आणि खाली युद्ध स्मशानभूमी. ज्यांच्या देहाची जागा सापडली नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं इथल्या हिरव्या संगमरवरावर कोरली आहेत. त्यांत यशवंत घाडगे हे नाव आहे. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक उतरले. त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत.

आणि हे मोंतोने, पेरूजा प्रांतातलं टेकडीवरचं गाव. ज्या भागात यशवंतराव पडले, तिथलंच. जुलै २०२३ मध्ये इथल्या नगरपालिकेनं आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी त्यांच्या नावानं एक स्मारक उभारलं. स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. त्यावर लॅटिन शब्द आहेत, अर्थ असा : आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. आपल्या मराठी शिपायाचं नाव तिथली मुलं आता येता-जाता वाचतील. एका परक्या गावानं जवळजवळ ऐंशी वर्षांनी हे ऋण मानलं, याचं मोल फार मोठं आहे.

माणगावातही पुतळा आहे, तहसील कार्यालयाजवळ. मुंबई-गोवा महामार्ग याच गावातून जातो. गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात इथे गाड्यांच्या रांगा लागतात. चाकरमानी तास-तासभर अडकतात, चहा पितात, वडापाव खातात आणि पुढे जातात. त्यांतल्या किती जणांना हा पुतळा कुणाचा हे माहीत असेल? शाळेच्या सहली रायगडावर येतात. त्यांच्या बसनं इथे अर्धा तास थांबायला काय हरकत आहे? गडावर मुलं जी घोषणा देतात, तीच मराठा पलटणीची युद्धघोषणा आहे.

कोकण रेल्वेचं स्टेशनही माणगावला आहे. उतरा, कुणालाही तहसील कचेरी विचारा. मुलं बरोबर असतील तर १० जुलैला काय घडलं ते त्यांना तिथे उभं राहून सांगा. जमलं तर पळसगावलाही जाऊन या, पावसाळ्यातच जा.